भाव पाहण्याआधी आपला भाव : १२०० मीटरच्या एका शर्यतीचा हिशेब

शनिवारी रात्री जेवण उरकून मी रेसचे पुस्तक उघडले, तेव्हा बाहेर परतीचा पाऊस थांबून थांबून पडत होता. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या रेसकोर्सवर १२०० मीटरची एक साधी हँडिकॅप, म्हणजे जास्त रेटिंगच्या (कामगिरीच्या गुणांच्या) घोड्यावर जास्त वजन देणारी शर्यत होती. ती तिसऱ्या वर्गाची, म्हणजे ४० ते ६६ रेटिंगच्या घोड्यांची होती आणि तीत नऊ घोडे उतरणार होते. या शर्यतीला फार मोठा मान नव्हता, तरी तिच्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण घोडे तोलणे आणि भाव वाचणे ही दोन कामे किती वेगळी आहेत, हे अशा शर्यतीत जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या कपच्या दिवशी दिसत नाही. घोड्यांची आणि माणसांची नावे मी देत नाही. पुस्तकातील नंबरांवर काम भागेल.

माझा एक जुना नियम आहे. शनिवारी रात्री मी कोणाचे टिप्स वाचत नाही आणि सुरुवातीचे भावही पाहत नाही. भाव एकदा डोळ्यांसमोर आला की मन नकळत त्याची बाजू घेऊ लागते. ज्या घोड्याला लोकांनी फेव्हरिट केले त्याच्या जुन्या पराभवांना कारणे सुचतात आणि ज्याचा भाव पंचवीसास एक, म्हणजे एका रुपयामागे पंचवीस रुपये नफा, असा आहे त्याचे विजय योगायोगाचे वाटू लागतात. म्हणून आधी नऊ घोड्यांना आपल्या हाताने टक्के द्यायचे, त्यांची बेरीज शंभर आली आहे याची खात्री करायची आणि मगच बुकींच्या भावांच्या फळ्याकडे पाहायचे, असा हा क्रम आहे.

टक्के देण्याआधी अंतर समजून घ्यावे लागते. चांगल्या जमिनीवर १२०० मीटरची शर्यत सत्तर सेकंदांच्या आसपास संपते, म्हणजे घोडा सेकंदाला सरासरी सतरा मीटर धावतो. घोड्याची एक लांबी अडीच मीटरच्या थोडी आतच भरते. तेव्हा गेट उघडल्यावर एखादा घोडा अर्धा सेकंद उशिरा निघाला, तर तो साडेआठ मीटर, म्हणजे साडेतीन लांबी मागे पडतो. २४०० मीटरच्या शर्यतीत ही तूट भरून काढायला जॉकीला दोन मिनिटे मिळतात. १२०० मीटरमध्ये तो घाई करतो, त्या घाईत घोड्याचा दम आधीच खर्च होतो आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो उभा राहिल्यासारखा दिसतो. म्हणून स्प्रिंटमध्ये मी सर्वांत आधी प्रत्येक घोड्याची गेटमधील वागणूक पाहतो. मागच्या पाच-सहा शर्यतींत तो किती वेळा उशिरा निघाला, गेटमध्ये शिरताना अडला का, शेवटी आत गेला की आधी जाऊन ताटकळत उभा राहिला, हे सगळे पाहावे लागते. या कसोटीवर सहा नंबरचा घोडा माझ्या हिशेबातून जवळजवळ बाद झाला. तो चार शर्यतींत दोनदा उशिरा निघाला होता.

त्यानंतर ड्रॉ, म्हणजे सोडतीत घोड्याला मिळालेले गेट. पुण्यात घोडे उजव्या हाताने वळतात आणि १२०० मीटरमध्ये वळण घ्यावेच लागते. वळण पूर्ण अर्धवर्तुळ धरले, तर रेलपासून, म्हणजे आतल्या कठड्यापासून, एक मीटर बाहेरून धावणाऱ्या घोड्याला तीन मीटरहून थोडे जास्त अंतर कापावे लागते, म्हणजे एका लांबीपेक्षा अधिक. तीन मीटर बाहेर राहिलेल्या घोड्याने चार लांबी दान केल्यासारखे होते. त्यातच पावसाळ्यात रेलजवळची माती जास्त तुडवली जाते आणि ती वाचवण्यासाठी फॉल्स रेल लावून घोड्यांना बाहेरच्या ताज्या गवतावर आणले जाते. त्या दिवशी फॉल्स रेल होती. त्यामुळे आतले गेट पावसाळ्यात एरवी असते तितके वाईट राहिले नव्हते, असे माझे मत झाले.

आता या शर्यतीचा खरा पेच सांगतो. पाच नंबरचा घोडा फेव्हरिट होणार हे भाव न पाहताही कोणीही सांगू शकला असता, कारण मागची शर्यत त्याने गेटपासून पोस्टपर्यंत पुढे राहून चार लांबींनी जिंकली होती. चार लांबी हा आकडा डोळ्यांत भरतो. मात्र त्या शर्यतीत त्याच्याबरोबर पुढे धावणारे दुसरे कोणीच नव्हते. पहिले सहाशे मीटर तो स्वतःच्या चालीने एकटा धावला आणि त्यामुळे शेवटचे सहाशे मीटर त्याच्याकडे भरपूर जोर शिल्लक होता. या वेळी मात्र दोन आणि आठ नंबरचे घोडेही पुढे राहूनच जिंकणारे होते. दोन नंबरला दुसरे गेट मिळाले होते, आठ नंबरला पाचवे आणि पाच नंबरला आठवे. म्हणजे पाच नंबरच्या जॉकीसमोर दोनच मार्ग होते : सुरुवातीलाच जोर लावून दोघांच्या पुढून आत यायचे, किंवा वळणावर त्यांच्या बाहेरून धावायचे. दोन्ही मार्गांची किंमत शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मोजावी लागते. तीन पुढारी असलेल्या स्प्रिंटमध्ये पुढाऱ्यांच्या मागे शांतपणे बसलेल्या घोड्याला संधी मिळते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की केवळ मागच्या विजयाच्या लांबीवरून घोड्याला मोठा म्हणायला माझे मन धजत नाही.

तीन नंबरचा घोडा असा मागे बसणारा होता. त्याला चौथे गेट होते. मागच्या खेपेस तो दोन लांबींनी तिसरा आला होता, पण त्या दिवशी पुढचे घोडे सावकाश गेले होते आणि त्याला झेप घ्यायला मोकळी जागा शेवटच्या दीडशे मीटरमध्ये मिळाली होती. शिवाय आदल्या वर्षी ओल्या जमिनीवर त्याने एक शर्यत जिंकली होती.

एक नंबर दुसऱ्या वर्गातून खाली आलेला, ६६ रेटिंगचा आणि ६० किलो वजनाचा होता. वजनाबद्दल रेसकोर्सवर फार बोलले जाते, पण त्याचे माप अंतराप्रमाणे बदलते हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. आपल्याकडे रेटिंगच्या एका गुणामागे अर्धा किलो वजन धरतात. १२०० मीटरला साधारण एक ते सव्वा किलो म्हणजे एक लांबी, असा हँडिकॅपिंगचा ठोकताळा आहे. २४०० मीटरला तेवढीच लांबी त्याच्या निम्म्या वजनात पडते. तीन नंबरवर साडेसत्तावन्न किलो होते. एक नंबरने त्याला अडीच किलो द्यायचे होते, म्हणजे सुमारे दोन लांबी. वर्गातून खाली आलेल्या घोड्याला हे जड नव्हते. मला शंका होती ती अंतराची, कारण त्याची चांगली कामगिरी १४०० आणि १६०० मीटरवर होती आणि १२०० मीटरवर तो जागा होईपर्यंत शर्यत संपत असे.

सकाळच्या ट्रॅकवर्कचे आकडे मी सर्वांत शेवटी पाहतो. ‘६०० मीटर, ३८ सेकंद’ एवढ्यावर काही ठरवता येत नाही. पाठीवर जॉकी होता की राइडिंग बॉय, घोडा सहज गेला की त्याला ढकलावे लागले, सोबत दुसरा घोडा होता का, बाहेरच्या बाजूने धावला का, हे शेजारी लिहिलेले दोन-तीन शब्द आकड्यापेक्षा मोलाचे असतात. एक नंबरचे ३७ सेकंद सर्वांत चांगले होते, पण पुढे ‘पुश्ड’ असा शेरा होता. तीन नंबरचे ३९ होते आणि शेरा ‘ईझी’ असा होता. मी दुसऱ्याला जास्त मान दिला.

अशा रीतीने माझी यादी तयार झाली. ही शर्यत शंभर वेळा धावली, तर कोण किती वेळा जिंकेल, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. पाच नंबरला मी २५ टक्के दिले, तीन नंबरला २२, एकला १५, दोनला ११, सातला ९, आठला ७, चारला ६, सहाला ३ आणि नऊला २. म्हणजे माझ्या मतेही पाच नंबरच पहिला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण भाव तोलणे म्हणजे फेव्हरिटवर राग धरणे, असा एक समज रेसला येणाऱ्या नव्या मंडळींत दिसतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतील रेसकोर्सच्या आकड्यांवरून ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिले होते, की लोक लांबच्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लावतात आणि फेव्हरिटवर त्यामानाने कमी. पुढच्या अनेक अभ्यासांत हीच प्रवृत्ती पुन्हा दिसली आहे. पंचवीसास एकचा घोडा ‘लागला तर’ या दोन शब्दांवर विकला जातो.

घोड्याची थोरवी आणि भावाची थोरवी या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, याचे माझ्या डोळ्यांसमोरचे सर्वांत ठळक उदाहरण ब्लॅक कॅव्हियर या ऑस्ट्रेलियन घोडीचे आहे. २३ जून २०१२ रोजी रॉयल अॅस्कॉटला डायमंड ज्युबिली स्टेक्स ही सहा फर्लांगांची, म्हणजे सुमारे १२०० मीटरची शर्यत ती धावली, तेव्हा ती आधीच्या एकवीसही शर्यती जिंकून आली होती आणि तिचा भाव सहास एक असा उलटा होता. सहा रुपये लावले तर एक रुपया सुटणार. तो भाव तिच्या जिंकण्याची शक्यता जवळजवळ ८६ टक्के मानत होता. शर्यत संपत आली असताना जॉकी ल्यूक नोलेनने हात सैल सोडले, मूनलाइट क्लाउड ही दुसरी घोडी अंगावर आली आणि ब्लॅक कॅव्हियर केवळ डोक्याच्या अंतराने वाचली. नंतर तिचे स्नायू दुखावल्याचे आढळले. पुढच्या वर्षी ती पंचवीसपैकी पंचवीस जिंकून निवृत्त झाली. ती थोर स्प्रिंटर होती यात वाद नाही. पण समुद्र ओलांडून आलेल्या, हंगामाच्या अखेरीच्या घोडीवर, एका सैल हाताने निकाल फिरू शकेल अशा अंतरात, असा उलटा सहास एक लावणाऱ्याने घोडी बरोबर निवडली आणि भाव चुकीचा घेतला, असे मी आजही म्हणेन.

रविवारी दुपारी मी रेसकोर्सवर पोहोचलो, तेव्हा एम्प्रेस गार्डनच्या बाजूची झाडे धुऊन निघाल्यासारखी दिसत होती आणि ऊन पडले होते. सन १८३० पासून इथे शर्यती होत आहेत, मुंबईचे महालक्ष्मी १८८३ चे. पुण्याचा हंगाम पावसाळ्याला धरून असल्यामुळे इथल्या माणसाला जमीन वाचता यावीच लागते. जमीन किती मऊ आहे हे मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा सकाळीच जाहीर झाला होता, तरी मी दोन शर्यती रेलजवळ उभा राहून घोड्यांच्या टापांकडे पाहिले. माती उडत होती, पण टाप रुतत नव्हती. दोन्ही शर्यती पुढाऱ्यांनी जिंकल्या होत्या, हे मात्र माझ्या अंदाजाच्या विरुद्ध गेले आणि मी तीन नंबरचे २२ टक्के खाली आणावेत का, याचा विचार केला. दोन्ही शर्यतींत पुढारी एकटाच होता, हे आठवून मी आकडा तसाच ठेवला.

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये पाच नंबरला दोन बाजूंनी दोन सईस धरून होते. त्याच्या मानेवर, जिथे लगाम घासतो तिथे, साबणासारखा पांढरा फेस आला होता आणि मागच्या मांड्यांच्या आतही घामाचे पट्टे होते. काही घोडे असेच घामाघूम होऊन जिंकतात, त्यामुळे या एका खुणेवर मी फार भर देत नाही. मागच्या शर्यतीआधी तो कोरडा होता, हे माझ्या टिपणात होते म्हणून त्याचे महत्त्व. तीन नंबर मान खाली टाकून, लांब पावलांनी, एका सईसाच्या हातात चालत होता. माझ्या शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ दुर्बीण पुसत म्हणाले, “पाच नंबरला आज सोबत आहे हो.” मी म्हटले, “काका, तेवढीच तर भीती आहे त्याला.” त्यांनी मान हलवली आणि आम्ही दोघेही बुकींच्या फळ्यांकडे निघालो.

फळ्यावर पाच नंबर दीडास एक होता, एक नंबर तीनास एक, तीन नंबर पाचास एक, दोन नंबर सहास एक, सात नंबर आठास एक, आठ नंबर बारास एक, चार नंबर पंधरास एक, सहा नंबर विसास एक आणि नऊ नंबर पंचवीसास एक. भावाचे टक्के काढणे सोपे असते. पाचास एक म्हणजे पाच अधिक एक, सहातला एक भाग, सुमारे पावणेसतरा टक्के. दीडास एक म्हणजे चाळीस टक्के. तीनास एक म्हणजे पंचवीस. नवांची बेरीज केली तर ती १३० च्या जवळ आली. शंभराच्या वरचे हे तीस म्हणजे फळ्याचे उत्पन्न; सगळ्या घोड्यांवर भावाच्या प्रमाणात पैसा लावला तर १३० घालून शंभर परत येतात. टोटवर, म्हणजे सगळ्यांचा पैसा एकत्र जमवणाऱ्या खिडकीवर, हे वेगळ्या रीतीने घडते, तिथे जमलेल्या एकूण रकमेतून आधी कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते, त्यामुळे शेवटचा पैसा येईपर्यंत आपला भाव काय, हे कळत नाही. माझ्यासारख्या आकडा आधी ठरवणाऱ्याला ठरलेला भाव बरा वाटतो.

माझ्या यादीशी फळा ताडून पाहिला. पाच नंबरला मी २५ टक्के दिले होते आणि फळा ४० मागत होता, म्हणून तो सोडला. एक नंबर १५ विरुद्ध २५, तोही सोडला. दोन, सात, आठ, चार, सहा, नऊ, सगळ्यांचे भाव माझ्या आकड्यांहून कमीच पडत होते. फक्त तीन नंबरचा भाव माझ्या बाजूने होता. माझ्या मते त्याची किंमत साडेतीनास एक असायला हवी होती आणि फळ्यावर पाच मिळत होते.

काही वर्षांपूर्वी मी इथे थांबून पैसे लावले असते. आता आणखी एक पायरी आहे. लावलेल्या संपूर्ण रकमेवर जीएसटी आला; तो आधी २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. शंभराच्या बेटमागे चाळीस रुपये जास्तीचे मोजायचे असे धरले, तर खिशातून १४० जातात. तीन नंबर पाचास एकने जिंकला तर ६०० परत येतात. अशा शंभर शर्यतींत तो २२ वेळा जिंकणार असेल, तर सरासरी प्रत्येक वेळी १३२ रुपये हाती येतात. १४० देऊन १३२ घ्यायचे, हा व्यवहार मी करू शकत नव्हतो. त्याच २२ टक्क्यांना सहास एक मिळाला असता, तर १५४ झाले असते. हिशेबाने साडेपाचास एकच्या खाली त्याला हात लावायचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला, त्याचा मला अभिमान वाटतो. मात्र आजचा कर ज्या रीतीने रकमेवर बसतो, ती रीत जाणकाराला आणि डोळे मिटून लावणाऱ्याला एकाच मापाने तोलते आणि कौशल्याला जागा फारच थोडी उरते. ज्यांना हा खेळ टिकावा असे वाटते, त्यांनी या रीतीबद्दल बोलले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मी थांबलो. पाच नंबरवर आणखी पैसा आला तर तीन नंबरचा भाव सहापर्यंत चढेल, अशी आशा होती. झाले उलटे. पॅडॉकमधला घाम आणखी कोणी पाहिला असावा. घोडे गेटकडे निघाले तेव्हा तीन नंबर साडेचारावर आला आणि गेटमध्ये शिरू लागले तेव्हा चारावर. मी हात खिशातून बाहेर काढला नाही.

गेट उघडले. सहा नंबर या वेळी सर्वांबरोबर निघाला, म्हणजे त्याच्याबाबतीत माझी भीती खोटी ठरली. पाच नंबरच्या जॉकीने पहिल्या दोनशे मीटरमध्येच जोर लावला, पण दोन नंबरने आतली जागा सोडली नाही, आणि वळणावर आत दोन, मध्ये आठ, बाहेर पाच, असे तिघे एका रांगेत धावताना मी दुर्बिणीतून पाहिले. चारशे मीटरच्या खुणेला आठ नंबर मागे सुटला. दोनशेला पाच नंबरची मान वर आली, म्हणजे तो थकला. तीन नंबर तोपर्यंत पाचवा होता. जॉकीने त्याला बाहेर काढले, दोनदा चाबूक दाखवला आणि पोस्टवर तो पाऊण लांबीने पुढे होता. एक नंबर उशिरा जागा होऊन दुसरा आला. पाच नंबर चौथा. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “लावलात ना तीनवर?” मी नाही म्हटले, तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त हळहळ वाटली.

घरी आल्यावर मी वही काढली. तिच्यात दर शर्यतीतील प्रत्येक घोड्याला मी दिलेले टक्के असतात आणि टक्क्यांप्रमाणे रकाने पाडलेले आहेत : पाचपर्यंत, पाच ते दहा, दहा ते पंधरा, असे. लावले की नाही, याचा त्या वहीशी संबंध नाही. वीस ते पंचवीसच्या रकान्यात मी ज्यांना बसवतो, ते घोडे खरोखर पाचांत एकदा तरी जिंकतात का, हे पाहण्यासाठी ती आहे, आणि त्याला शंभर-दोनशे नोंदी लागतात. त्या रविवारी त्याच रकान्यात तीन नंबरपुढे बरोबरची खूण आली. पाच नंबरचे २५ टक्के वरच्या रकान्यात जातात, तिथे फुली आली. सहा नंबरच्या ओळीत मी ‘गेट सुधारले’ असे लिहिले आणि त्याचा पुढचा ड्रॉ कधी निघतो, त्याची तारीख समासात टिपून ठेवली.